मायलोमा, एमगस आणि आपल्या प्रतिकारपेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोव्यातल्या रुग्णांनी आणि बहुतेक वेळा त्यांच्या मुलांनी, सुनांनी पाठवलेले आहेत. सोबत रिपोर्टचा वाकडा काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ असते: ‘हे काय आहे?’ एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. मायलोमाची सगळी माहिती इथे मिळणार नाही. प्रतिकारपेशींचं काय होतं आणि त्यामुळे घरी काय सांभाळावं लागतं, एवढाच विषय घेतला आहे. औषध सुरू करणं, थांबवणं, डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

१. मायलोमा नेमका कशाचा कॅन्सर? कोणी हाडांचा म्हणतं, कोणी रक्ताचा.

प्लाझ्मा पेशींचा. रक्तातल्या बी पेशींची जंतूशी गाठ पडली की त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी बनतात, अस्थिमज्जेत म्हणजे बोनमॅरोत जाऊन राहतात आणि त्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी सोडत राहतात. निरोगी मज्जेत त्यांचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं. त्यांतल्या एकाच पेशीची पिल्लावळ बेसुमार वाढली की मायलोमा होतो. या पेशींच्या रासायनिक निरोपांमुळे हाड पोखरलं जातं, म्हणून कंबर किंवा बरगडी दुखायला लागते आणि रुग्ण आधी हाडांच्या डॉक्टरकडे पोचतो. रोग प्रतिकारयंत्रणेतल्याच एका पेशीचा आहे, त्यामुळे सगळ्यात आधी हलते तीही हीच यंत्रणा.

२. एमगस, स्मोल्डरिंग आणि मायलोमा यांत फरक काय?

एमगस (एमजीयूएस) ही मायलोमाच्या आधीची, त्रास न देणारी अवस्था. त्यात एकाच छापाचं प्रोटीन, ज्याला रिपोर्टमध्ये एम प्रोटीन म्हणतात, डेसिलिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी असतं, मज्जेतल्या त्या प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांखाली असतात आणि कुठल्याही अवयवाला इजा नसते. अमेरिकेतल्या पाहणीत ५० ओलांडलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत एमगस सापडलं. त्यातून दर वर्षी साधारण १ टक्का लोक मायलोमा किंवा त्याच्या भाऊबंद आजाराकडे जातात. स्मोल्डरिंग हा मधला टप्पा: एम प्रोटीन ३ ग्रॅम किंवा जास्त, नाहीतर पेशी १० ते ६० टक्के, पण त्रास नाही. पहिली ५ वर्षं दर वर्षी सुमारे १० टक्के लोक पुढे सरकतात. कॅल्शियम वाढलं, मूत्रपिंड बिघडलं, रक्त उतरलं किंवा हाडाला इजा झाली की त्याला मायलोमा म्हणतात. २०१४ पासून, इजा नसली तरी पेशी ६० टक्क्यांवर गेल्या तर थांबत नाहीत, उपचार सुरू करतात.

३. बाबांचं आयजीजी ६८०० आलंय. एवढ्या अँटिबॉडी असताना वर्षात दोनदा न्यूमोनिया कसा झाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

आयजीजी, आयजीए आणि आयजीएम हे अँटिबॉडींचे तीन प्रकार. समजा रिपोर्ट असा आहे: टोटल प्रोटीन १०.४, अल्ब्युमिन ३.१, आयजीजी ६८००, आयजीए ३२, आयजीएम १८. घरच्यांची नजर ६८०० वर जाते, कारण तो आकडा ठळक छापलेला असतो. मी आधी ३२ आणि १८ बघते. आयजीए साधारण ७० च्या वर आणि आयजीएम ४० च्या वर असायला हवं. दोन्ही तळाला गेलेत. आणि ६८०० मधलं जवळजवळ सगळं आयजीजी एकाच पिल्लावळीतून आलेलं, एकाच साच्याचं. एकाच कुलपाच्या किल्लीच्या हजारो प्रती खिशात असाव्यात तसं. न्यूमोनियाच्या जंतूचं कुलूप त्यातल्या एकाही किल्लीने उघडत नाही.

इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीचा आलेख जवळ असेल तर काढून बघा. एका टोकाला अल्ब्युमिनचा उंच सुळका असतो. दुसऱ्या टोकाला, गॅमा भागात, निरोगी माणसाच्या आलेखावर बसका, पसरट उंचवटा दिसतो. हजारो तऱ्हेच्या अँटिबॉडींची ती गर्दी. मायलोमात तिथे अरुंद, टोकदार सुळका उभा राहतो. पण त्या सुळक्याच्या आजूबाजूची जागा किती सपाट झाली आहे तेही बघा. तो पसरट उंचवटा गेलेला असतो. डॉक्टर याला इम्युनोपॅरेसिस म्हणतात: रोगट पेशी मज्जेतली जागा अडवतात आणि चांगल्या बी पेशींना दाबून ठेवणारी रसायनं सोडतात.

म्हणून न्यूमोकोकससारखे, भोवती कवच असलेले जंतू या रुग्णांना वारंवार गाठतात. त्यांना पकडायला नेमकी अँटिबॉडी लागते. स्वीडनमध्ये ९,२५३ मायलोमा रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत जिवाणूंचा संसर्ग ७ पट आणि विषाणूंचा १० पट. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात हेच आकडे ११ आणि १८ पट होते.

४. सीबीसीत पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत. मग प्रतिकारशक्ती कमी आहे असं डॉक्टर कशावरून म्हणतात?

सीबीसी पेशी मोजतं. त्या काम करतात की नाही, ते त्यात दिसत नाही. मायलोमात बिघाड मुख्यतः कामात असतो.

टी पेशींपासून सुरुवात करू. मदतनीस सीडी४ पेशी कमी होतात आणि मारेकरी सीडी८ त्यांच्या तुलनेत जास्त दिसतात. पण त्या सीडी८ पैकी बऱ्याच म्हाताऱ्या झालेल्या असतात: सीडी२८ हा चालना घेणारा रेणू त्यांनी टाकलेला असतो आणि अंगावर सीडी५७ ही खूण आलेली असते. काही पेशी थकलेल्या असतात, त्यांच्यावर पीडी-१, टिजिटसारखे ब्रेक चढलेले असतात. थकणं आणि म्हातारं होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. प्रश्न १३ मध्ये हा फरक उपयोगी पडेल.

एनके पेशी, ज्या आधीची ओळख नसतानाही बिघडलेल्या पेशीला मारतात, सुरुवातीला वाढतात आणि आजार पुढे गेला की निकामी होत जातात. शत्रूचा तुकडा टी पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी नीट दाखवेनाशा होतात. मज्जेतल्या काही अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी तर उलट बाजूने काम करतात, टी पेशींनाच गप्प बसवतात. टीएच१७ नावाच्या टी पेशी वाढतात आणि हाड खाण्याच्या कामाला हातभार लावतात. आयएल-६ आणि टीजीएफ-बीटा ही रसायनं या सगळ्याला खतपाणी घालतात.

एक इशारा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असताना न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले दिसतात, कारण स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून रक्तात येतात. ‘काउंट वाढला, बरं झालं’ म्हणून खूश होऊ नका.

५. मला फक्त एमगस आहे. माझ्यातही हे बदल असतील का?

सौम्य प्रमाणात, हो. २०२० साली मज्जेतल्या पेशी एकेक करून वाचणाऱ्या तंत्राने केलेल्या अभ्यासात एनके, टी पेशी आणि मोनोसाइट यांच्यातले बदल एमगसच्याच टप्प्यावर दिसले. संसर्गाचा धोकाही इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. त्याच वेळी एमगस असलेल्या काही लोकांच्या टी पेशी रोगट पेशींना अजून ओळखतात आणि धरून ठेवतात. हा पहारा सैल पडला की आजार पुढे जातो, असं बरेच संशोधक मानतात. तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: लसी वेळेवर (प्रश्न ९), ठरलेल्या तपासण्या चुकवू नका, आणि बाकी नेहमीसारखं जगा.

६. रिपोर्टवर सीडी३८, सीडी१३८, सीडी५६ लिहिलंय. हे माझ्या प्रतिकारशक्तीचे आकडे आहेत का?

नाहीत. त्या रोगट प्लाझ्मा पेशी ओळखायच्या खुणा आहेत. सीडी४, सीडी८ स्वतःहून तपासून घेऊ का, असंही विचारतात. नको. त्यावर रोजच्या उपचारातला निर्णय सहसा ठरत नाही. (स्टेम सेल) ट्रान्सप्लांटनंतर किंवा प्रश्न १३ मधल्या इंजेक्शनांच्या वेळी डॉक्टर स्वतः सांगतील.

७. ताप आला तर घरी किती वाट बघायची? आणि पावसात डेंग्यू, लेप्टोच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या तर निश्चिंत राहायचं का?

१००.४ फॅरेनहाइट दाखवलं की वाट बघायची नाही. आधी थर्मामीटर, मग गोळी. पॅरासिटामोल घेऊन मोजलेला ताप कोणाच्या कामाचा नाही. डेक्सामेथासोन चालू असेल तर ताप येतच नाही असंही होतं. तेव्हा थंडी वाजणं, धाप, अचानक गळून जाणं, लघवी कमी होणं, बोलण्यात घोळ यालाच ताप समजा. गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) जवळ असेल तर थेट बांबोळी गाठा, नाहीतर जवळचं जिल्हा इस्पितळ. गाडी नसेल तर १०८. दारातच सांगा: ‘मायलोमा आहे, हे औषध चालू आहे, शेवटचा डोस अमुक दिवशी.’ ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य या आजारात घातक आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: निश्चिंत राहू नका. डेंग्यू आणि लेप्टोच्या आयजीएम टेस्ट रुग्णाच्या शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधतात. तीच बनत नसेल तर आजार असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. डेंग्यूसाठी एनएस१, शिवाय पीसीआर आणि ब्लड कल्चर यांत जंतूच शोधला जातो, म्हणून त्यांच्यावर भर असतो. क्षयाच्या मँटू किंवा रक्ताच्या टेस्टचंही तसंच: त्या टी पेशींच्या प्रतिसादावर चालतात, आणि टी पेशी दबलेल्या असतात. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या दात्यांच्या अँटिबॉडी, घेतलेल्यांत उलटा घोळ होतो, तो प्रश्न १२ मध्ये.

८. आमचं कुळागर आहे, शेतीही आहे. बाबा ऐकत नाहीत. जाऊ द्यावं का?

ऊन कमी असताना फेरफटका मारायला हरकत नाही. पावसाळ्यात चिखलात उतरणं मात्र बंद.

लेप्टो सगळ्यांना माहीत आहे. मेलिऑइडोसिस कमी लोकांना माहीत असतो. पश्चिम किनाऱ्याच्या मातीत आणि गढूळ पाण्यात त्याचा जंतू सापडतो, तो फुप्फुसात बसला की क्षयासारखा दिसतो, आणि नेहमीची बरीच अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाहीत. मधुमेह हा त्याचा मोठा धोका, आणि स्टेरॉइडने साखर वाढतेच. कल्चर केल्याशिवाय तो सापडत नाही, म्हणून माती-चिखलाचा संबंध आला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, काजूच्या बागांत काम करणाऱ्यांतही. गोचिडीपासून तो होतो. त्या भागातल्यांनी काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायचं काम दुसऱ्यावर सोपवावं.

आणि एक जंत, स्ट्राँगिलॉइडिस. अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. स्टेरॉइड सुरू झालं की तो अंगभर पसरून जीवघेणा ठरू शकतो. आयुष्यभर अनवाणी शेतात राबलेल्या माणसाने उपचार सुरू होण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. तपासणी आणि गोळ्या दोन्ही सोप्या आहेत.

९. कुठल्या लसी घ्यायच्या, कुठल्या नाही?

जिवंत जंतूंच्या लसी नकोत: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी, तोंडावाटे पोलिओ. बाकीच्या चालतात आणि घ्याव्यात. फ्लूची दर वर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून पाऊस लागायच्या आधी. न्यूमोकोकसची कॉन्जुगेट लस. तेरा प्रकारांची घेतली तर निदान ८ आठवड्यांनी तेवीस प्रकारांची दुसरी, वीस प्रकारांची घेतली तर दुसरी लागत नाही. नागिणीची जिवंत जंतू नसलेली लस, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, आणि महाग आहे.

शक्यतो उपचारांच्या दोन आठवडे आधी घ्या. लस पूर्ण लागू पडत नाही हे खरं, कारण ती वापरणाऱ्या पेशीच प्रश्न ३ आणि ४ मध्ये सांगितल्यासारख्या अधू असतात. म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची लस घ्यायची. घरच्यांची लस हा रुग्णाभोवतीचा स्वस्तातला कोट आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

नातवाला पोलिओचे थेंब देऊ का, असं एका सुनेने विचारलं होतं. घरात मायलोमाचा रुग्ण असेल तर थेंबांऐवजी इंजेक्शनाची पोलिओ लस द्यावी, बालरोगतज्ज्ञांना तसं सांगा. थेंबांतला विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे जातो; थेंब दिलेच असतील तर तेवढे दिवस आजी-आजोबांनी लंगोट बदलू नयेत.

१०. औषधं प्रतिकारशक्ती वाढवतात की कमी करतात?

दोन्ही. लेनालिडोमाइड ही मायलोमाची गोळी पेशीतली इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिनं नष्ट करवतं. त्यामुळे रोगट पेशी मरतात आणि टी, एनके पेशींना जोर चढतो. त्याच गोळीने न्यूट्रोफिल मात्र उतरू शकतात. डाराटुमुमाब हे दुसरं औषध रोगट पेशींवरच्या सीडी३८ ला धरतं. एनके पेशींवरही सीडी३८ असतं, त्यामुळे त्याही कमी होतात. रोग आटोक्यात आला की चांगल्या अँटिबॉडी हळूहळू वर येऊ लागतात, म्हणून संसर्गाच्या भीतीने उपचार टाळणं उलटं पडतं.

बॉर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधाने नागीण डोकं वर काढते. एका मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्या १३ टक्के रुग्णांना ती झाली, नुसतं डेक्सामेथासोन घेणाऱ्यांत ५ टक्के. म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी देतात. ‘पुरळ नाही, मग गोळी कशाला’ म्हणून ती बंद करणारे बरेच भेटतात. पुरळ येऊ नये म्हणूनच ती असते. ब्रिटनमधल्या ९७७ रुग्णांच्या चाचणीत पहिले १२ आठवडे लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिल्याने ताप आणि मृत्यू कमी झाले. आपल्याकडे या औषधाने लपलेला क्षय झाकला जायची भीती असते, त्यामुळे डॉक्टर ते देतील किंवा देणार नाहीत. दोन्हींना कारण आहे. कावीळ बी (हिपॅटायटिस बी) ची तपासणी मात्र उपचारांआधी व्हायलाच हवी, तो विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो.

११. गुळवेल, काढा, प्रतिकारशक्तीची पावडर चालेल का?

माझं मत: नको. वर सांगितलेला बिघाड ‘शक्ती वाढवून’ सुटणारा नाही. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद काहीही असो, ज्याला आधीच यकृत आणि मूत्रपिंड सांभाळून औषधं द्यावी लागतात त्याने हा प्रयोग का करावा? ग्रीन टीचा अर्कही बॉर्टेझोमिबच्या आड येतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. घरची सोलकढी ताजी असेल तर खुशाल घ्या. तिसऱ्या, खुबे, शिनाणे नीट शिजवलेले. कालवं कच्ची कधीच नाहीत. चवथीला घरचं माटोळीखालचं बसणं चालेल, जत्रेतली रेटारेटी टाळा.

१२. दर महिन्याला आयव्हीआयजी घ्यायला सांगितलंय. खर्च परवडत नाही. सगळ्यांना लागतं का?

नाही. हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या अँटिबॉडी त्यात असतात. आयजीजी ४०० च्या खाली आणि गंभीर संसर्ग परत परत, अशा रुग्णांना ते सहसा देतात. इथे एक खोच आहे: आयजीजी मायलोमा असेल तर एकूण आकडा फसवतो, त्यातून एम प्रोटीन वजा करून बघावं लागतं. दुसरी खोच टेस्टची. दात्यांच्या अँटिबॉडी तुमच्या रक्तात फिरत असल्याने कावीळ बी च्या कोअर अँटिबॉडीसारखी टेस्ट खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून त्या टेस्ट पहिल्या बाटलीच्या आधी.

१३. टी पेशी थकल्यात तर ब्रेक काढणारी इम्युनोथेरपी का देत नाहीत? आणि मुंबईची कार-टी?

पीडी-१ चा ब्रेक काढणारं पेम्ब्रोलिझुमॅब इतर कॅन्सरमध्ये चाललं, म्हणून मायलोमात लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइडसोबत वापरून पाहिलं. त्या गटांत मृत्यू जास्त झाल्याने २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या चाचण्या थांबवल्या. मायलोमातल्या अनेक टी पेशी थकलेल्यांपेक्षा म्हाताऱ्या असतात, आणि म्हाताऱ्या पेशीचा ब्रेक काढून ती धावत नाही, हे एक संभाव्य कारण.

कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या कार-टीचं लक्ष्य बी पेशींवरचा सीडी१९ हा रेणू आहे. ती बी पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी. मायलोमाच्या पेशींवर सीडी१९ सहसा नसतं; त्यांच्यासाठी प्लाझ्मा पेशींवरच्या बीसीएमए या रेणूवर नेम धरणारी कार-टी वेगळी. टी पेशीला ओढून रोगट पेशीला भिडवणारी टेक्लिस्टामॅबसारखी इंजेक्शनंही बीसीएमएच पकडतात. बीसीएमए चांगल्या प्लाझ्मा पेशींवरही असतं, त्यामुळे त्यांनंतर अँटिबॉडी जवळजवळ संपतात. टेक्लिस्टामॅबच्या १६५ रुग्णांच्या चाचणीत ७६ टक्के जणांना संसर्ग झाला. म्हणून त्यासोबत आयव्हीआयजी आणि न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसाचा बुरशीचा संसर्ग टाळण्याची गोळी येते.

१४. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणच्या लसी पुसल्या जातात, खरं का?

बऱ्याच अंशी. न्यूट्रोफिल दोनेक आठवड्यांत परततात, सीडी४ पेशींना महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. म्हणून लसी पुन्हा पहिल्यापासून देतात. जिवंत लसींचा विचार दोन वर्षांनंतर, तोही सगळ्यांसाठी नाही.

१५. आईला मायलोमा नाही, वाल्डेनस्ट्रॉम आहे. हे सगळं तिला लागू पडतं का?

वाल्डेनस्ट्रॉम हा मायलोमाचा भाऊबंद रक्ताचा कॅन्सर. संसर्गाबद्दलचं बहुतेक पडतं. तिथे वाढतं ते आयजीएम, दबतात आयजीजी आणि आयजीए. रिटुक्सिमॅब हे बी पेशींना मारणारं औषध देणार असतील तर कावीळ बी ची तपासणी आणखी महत्त्वाची. आणखी एका भाऊबंद आजारात, एएल अमायलॉइडोसिसमध्ये, रोगट पेशी थोड्याच असतात, त्यांचं प्रोटीन हृदय-मूत्रपिंडात साचतं. तिथे प्रतिकारशक्तीपेक्षा तीच काळजी मोठी.

१६. डाराटुमुमाब चालू आहे. रक्त चढवायचं होतं, तर रक्तपेढी म्हणाली रक्त जुळत नाही. औषधाने रक्तगट बदलला का?

गट तोच आहे. तांबड्या पेशींवर थोडं सीडी३८ असतं, औषध त्याला चिकटतं आणि जुळवणीच्या चाचणीत सगळ्याच बाटल्या ‘जुळत नाहीत’ असं दिसतं. डीटीटी नावाचं रसायन वापरून रक्तपेढी यावर मात करते. त्यात केल हा उपगट वाचता येत नाही, म्हणून केल-निगेटिव्ह रक्त निवडतात. या सगळ्याला वेळ लागतो. हे औषध स्वतःच आयजीजी कप्पा जातीची अँटिबॉडी असल्याने इलेक्ट्रोफोरेसिसवर त्याची फिकट रेघही उमटते आणि रोग परतला असं वाटून घर हादरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाबरू नका.

पहिल्या डोसआधी रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीन करून तो कागद पाकिटात ठेवा, त्यावर औषधाचं नाव लिहा. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो, तोवर तो कागद पाकिटातून काढू नका.